गुडघा बदलल्यावर नमस्कार

आपला संप्रदाय पायांचा आहे. माळ गळ्यात आणि नाम मुखात असले, तरी आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट पायच चालतात. रिंगणात धावतात ते पाय, पावली खेळतात ते पाय, कीर्तनात दोन-दोन तास उभे राहतात तेही पायच. समोरचा लहान असो की मोठा, त्याच्या चरणांवर डोके ठेवायचे तर गुडघा वाकावा लागतो. म्हणून गुडघा गेला की वारकऱ्याला नुसते दुखत नाही, भक्तीचे साधनच मोडल्यासारखे वाटते.

मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंतच्या भजनी मंडळांत आता साठी-सत्तरी गाठलेली माणसे पुष्कळ आहेत. त्यांतल्या कितीतरी जणांनी तरुणपणी पाठीवर गोणी वाहिल्या, जिने चढून डबे पोहोचवले, गिरणीत उभ्याने पाळ्या केल्या. बायाबापड्यांनी जमिनीवर बसून संसार केले. त्यांच्याकडून मला दोन प्रश्न वारंवार ऐकायला मिळतात. पहिला शस्त्रक्रियेच्या आधीचा : देह नाशिवंत आहे, मग त्याच्या सुखासाठी एवढा खर्च आणि एवढी खटपट करावी का? दुसरा नंतरचा : आता चालता येते, पण खाली बसता येत नाही, दंडवत घालता येत नाही; मग नमस्कार करायचा कसा? पंचेचाळीस वर्षे कीर्तनात उभा राहून त्र्याहत्तराव्या वर्षी मी उजवा गुडघा बदलून घेतला. त्यामुळे हे दोन्ही प्रश्न माझेही आहेत.

पहिला प्रश्न घेऊ. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंत सांगतात की, शास्त्राने न सांगितलेले घोर तप करून जे शरीराला कष्टवतात, ते शरीरात वसणाऱ्या मलाच कष्टवतात. दुखणे दडपून मिरवणे हे तप नव्हे. तिसऱ्या अध्यायात ते म्हणतात की, कर्म टाकले तर शरीरयात्राही चालायची नाही. तेराव्या अध्यायात देहाला क्षेत्र, म्हणजे शेत म्हटले आहे. शेत आपल्या मालकीचे नाही म्हणून कुळाने बांध फुटू द्यावा, असे कोणी शहाणा म्हणेल का? शेत दुसऱ्याचे आहे म्हणून तर ते अधिक जपायचे.

कोणी म्हणेल, दुसऱ्या अध्यायात सोसायला सांगितले आहे ना? सांगितले आहे. पण ज्याला उपाय नाही ते सोसावे, आणि उपाय करताना जे वाट्याला येईल तेही सोसावे. उपाय हाताशी असताना सोसत राहिलो, तर त्याचा भार आपल्या एकट्यावर पडत नाही. रात्री तीनदा उठून तेल चोळणारी बायको, न्हाणीघरापर्यंत धरून नेणारी सून, कामावर खाडा करणारा मुलगा, हे सगळे आपल्या सहनशीलतेची किंमत मोजत असतात. रात्री शांत झोप लागावी एवढीच इच्छा असली, तरी तीत गैर काही नाही. सहाव्या अध्यायातला योग झोप आणि जागरण दोन्ही बेताने सांभाळणाऱ्याचा आहे.

या शस्त्रक्रियेविषयी उगाच भीतीही पुष्कळ आहे. सबंध गुडघा कापून टाकतात असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोके तासून त्यांवर धातूचे आवरण बसवतात, आणि दोहोंच्या मध्ये टणक प्लॅस्टिकची गादी ठेवतात. झिजून गेलेल्या कूर्चेचे काम ती गादी करते. २००० आणि २००१ साली तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे एकामागून एक बदलले गेले, ते आपल्या मुंबईतच, ब्रीच कँडी रुग्णालयात. न्यूयॉर्कहून आलेल्या डॉ. चित्तरंजन राणावत यांनी ते काम केले. तेव्हापासून हा शब्द घराघरांत पोहोचला. तरी पैशाची अडचण होतीच. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. दीड लाखाच्या पुढे जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा नेहमीचा सांधा तेव्हा कराशिवाय ५४,७२० रुपयांवर आला. रुग्णालयाचा खर्च वेगळा असतो, पण अनेकांना दार उघडले ते तेव्हा.

मात्र शस्त्रक्रिया झाली म्हणजे काम झाले असे नाही. सर्जनचे काम दीड-दोन तासांत संपते, आपले तिथून सुरू होते. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. मग रोजचे व्यायाम : पावले वर-खाली हलवायची, मांडीचा स्नायू आवळून धरायचा, टाच अंथरुणावरून घासत मागे ओढायची, पाय सरळ ठेवून उचलायचा. फिजिओथेरपीच्या बाईंनी माझ्या गुडघ्यापाशी कोनमापक लावून सांगितले, "काका, आज सत्तर अंश. नव्वदपर्यंत जायचंय." पखवाजाचा हात बसवताना गुरुजी एकच बोल शंभर वेळा वाजवून घेत, तसेच हे. कंटाळा आला म्हणून हात बसत नाही, आणि घाई केली म्हणूनही बसत नाही. सूज काही महिने रेंगाळते. पूर्ण फरक कळायला वर्षभर लागू शकते. शेजारच्याचा गुडघा दीड महिन्यात धावू लागला, अशा गोष्टी कानाआड कराव्यात.

या दिवसांतली एक गोष्ट मला उपनिषदातल्या धड्यासारखी वाटली. गुडघ्याखाली उशी घेतली की फार बरे वाटते. पण त्याच सुखात गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडत जातो आणि पाय पुन्हा सरळ होईनासा होतो. उशी घ्यायचीच तर टाचेखाली, म्हणजे गुडघा ताणला जाईल. दुखेल, पण पाय सरळ राहील. कठोपनिषदात श्रेय आणि प्रेय असे दोन मार्ग सांगितले आहेत : एक हिताचा, एक आवडीचा. गुडघ्याखालची उशी हे प्रेय आणि टाचेखालची हे श्रेय. कीर्तनात हा भेद मी अनेकदा समजावला होता. अंथरुणावर तो रोज रात्री निवडावा लागला.

जिन्याचा नियमही ध्यानात ठेवावा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, आणि काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. रेल्वेचे पूल चढणाऱ्या आपल्यासारख्यांना हे पाठ हवे. पोटरी अचानक सुजून दुखू लागली, ताप आला किंवा जखमेतून स्राव येऊ लागला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना गाठावे. छातीत दुखले किंवा धाप लागली, तर तडक रुग्णालयात जावे.

आता दुसरा प्रश्न. चालणे परत आले, वेदना गेली, पण मांडी घालून बसणे माझ्या डॉक्टरांनी बंद केले. उकिडवे बसणेही नाही. मंडळाच्या हरिपाठाला गेलो तेव्हा मला खुर्ची दिली. टाळकरी जमिनीवर, ज्ञानेश्वरी ठवणीवर, आणि मी तिच्याहून उंच. हरिपाठ संपला तशी मुले पाया पडू लागली. आपल्यात नमस्कार एकतर्फी नसतो. तू माझ्या पाया पडलास की मीही तुझ्या पाया पडतो, कारण दोघांच्या ठायी माउली एकच. इथे मी नुसता घेणारा झालो होतो. माझ्या मते या शस्त्रक्रियेतला खरा धोका हा आहे. वाकण्याची सवय हे आपल्या अहंकाराचे औषध होते. गुडघ्याबरोबर तेही बंद झाले, तर चालता पाय मिळूनही तोटाच.

इथे संत कूर्मदासांची आठवण होते. महिपतींनी त्यांची कथा भक्तविजयात घातली आहे. पैठणचा हा भक्त, हातपाय नसलेला. पंढरीची महती ऐकली आणि लोळत, खुरडत निघाला. लऊळपर्यंत पोहोचला आणि पुढे शरीर चालेना. तेव्हा त्याने पंढरीला जाणाऱ्या वारकऱ्यांजवळ निरोप दिला : देवाला सांगा, मला येता येत नाही, तूच ये. आणि देव आला. माढा तालुक्यातल्या लऊळला त्यांचे स्थान आजही आहे.

या कथेत देव आला एवढ्यावरच आपण डोळे पुसतो. मला त्याआधीच्या दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. कूर्मदास घरी बसून राहिले नाहीत, अंगात होते तेवढे बळ त्यांनी वाटेवर खर्च केले. आणि बळ संपले तिथे त्यांनी लाज न बाळगता दुसऱ्याजवळ मागितले. मागणे म्हणजेच त्यांचे वाकणे होते. ज्याला उभे आयुष्य द्यायची सवय आहे, घरात कर्ता, फडावर बुवा, त्याला "बाळ, जरा हात दे" हे चार शब्द दंडवतापेक्षा जड जातात. जड जातात म्हणूनच ते साधन आहे.

म्हणून आता आमच्या मंडळात ठवणी उंच मेजावर असते आणि माझी खुर्ची शेवटच्या रांगेत. कोणी पाया पडले की मी त्याचे दोन्ही हात धरून माझ्या कपाळाला लावतो. पुलाच्या जिन्यावर अनोळखी मुलाचा आधार मागतो, आणि वर पोहोचल्यावर त्यालाही हात जोडतो. आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरात उभ्याने मान लववतो. पंढरीच्या वाटेवर डॉक्टर परवानगी देतील तेवढेच अंतर चालावे, उरलेले गाडीतून जावे, आणि गाडीत बसल्याचा संकोच धरू नये.

ज्यांचे गुडघे अजून धड आहेत, त्यांना एवढीच विनंती : खुर्चीवरचा म्हातारा तुमच्या पाया पडत नाही म्हणून त्याला ताठ समजू नका. आणि ज्यांनी गुडघा बदलला आहे किंवा बदलणार आहेत, त्यांनी व्यायाम चुकवू नये आणि मदत मागायला लाजू नये. जमेल तेवढे आपण करावे, उरेल ते मागावे. पांडुरंगाच्या दारात हे दोन्ही नमस्कारातच जमा होते.

रामकृष्णहरी.