कादंबरी कोणाची?

बदलापूरला लोकलमध्ये बसलो तेव्हा मित्राच्या कादंबरीचं चाळिसावं पान मोबाइलवर होतं. अंबरनाथ येईपर्यंत माझं ठरलं: ही सगळी पानं उडवायची. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या, जीन्स शिवणाऱ्या सिंधी घराची गोष्ट आहे. ती खरी सुरू होते पान ४१ वर, कारखाना बंद पडतो तिथे.

ऱ्हस्व-दीर्घ शेवटी बघता येतं. त्याआधीचं काम वेगळं असतं: गोष्ट कोण सांगतंय, कुठून सांगतंय, काय टाळतंय? मराठीत हे काम जुनं आहे. ‘सत्यकथा’ आणि मौजेचे श्री. पु. भागवत, राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहून शंका विचारायचे, पुन्हा लिहायला लावायचे. त्यातून कित्येक लेखक घडले. पुढे राजा ढालेंसारख्या तरुणांनी याच ‘सत्यकथे’वर तोफ डागली. चांगलं काय हे तुम्हीच का ठरवणार, हा त्यांचा सवाल मला अजून टोचतो.

अमेरिकेत रेमंड कार्व्हरच्या काही कथा संपादक गॉर्डन लिश यांनी निम्म्याहून जास्त कापल्या. १९८० मध्ये कार्व्हरने छपाई थांबवा म्हणून कळवळून पत्र लिहिलं. १९८१ ला पुस्तक आलंच, आणि गाजलं. घोळ नेमका इथे आहे. पुस्तक फसलं असतं तर लिश चूक, एवढं म्हणून आपण मोकळे झालो असतो. कार्व्हरचा मूळ मजकूर त्याच्या मृत्यूनंतर, २००९ मध्ये पुस्तकरूपात आला. तो वाचताना कळतं, सुधारणा झाली खरी, पण माणूसही बदलला.

मी मित्राला फोन केला. ‘काढ’ म्हणणार होतो, पण विचारलं, “ही चाळीस पानं कशासाठी रे?”

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “आजी तेवढ्यातच आहे. सिंधमधून आलेली.”

“मग पुढे कुठे जाते?”

हे त्यालाही माहीत नव्हतं. म्हणजे मी आजीलाच कापायला निघालो होतो! पानं जास्त नव्हती, आजी कमी पडत होती.

तीन महिन्यांनी नवा खर्डा आला. सुरुवात आता बारा पानांची आहे आणि कारखान्याला कुलूप लागतं तेव्हा आजी दारात बसून धागे कापतेय. मला हे सुचलं नसतं.

फक्त एका ठिकाणी, मी ‘नमुना म्हणून’ पाठवलेलं एक वाक्य जसंच्या तसं आलंय. वाक्य चांगलं आहे. ते काढ, म्हणून आज रात्री त्याला फोन करायचाय.