बिदागी आणि मानपत्र

मेहकर येथे कंचनीच्या महालाचे जे भग्नावशेष उभे आहेत, त्यांच्याविषयी बुलढाणा जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या एक आख्यायिका सांगितली जाते : कंचनी नावाच्या नर्तकीने लोणारच्या देवळातील दीप आपल्या गच्चीवरून दिसावा इतका उंच महाल बांधावयास घेतला, आणि या आकांक्षेपायी शापदग्ध होऊन ती शिळा झाली. कंचनी काय गात असे, कशी नाचत असे, तिला विद्या कोणी दिली, याविषयी लोकस्मृती एक अक्षरही सांगत नाही. तिची कला लुप्त झाली आणि अपराध तेवढा शिल्लक राहिला. आणि तो अपराध तरी कोणता, तर नाचणारीने उंच घर बांधण्याचा!

याच मेहकरात वकिली करीत आयुष्य घालविलेल्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता १९३०च्या दशकाच्या आरंभी जी. एन. जोशी या सुशिक्षित तरुणाने ध्वनिमुद्रिकेवर गायिली, आणि मराठी भावगीताचा प्रारंभच पुढे अनेकांनी तिच्यापासून मानला. त्या स्वराला पांढरपेशा दिवाणखान्यात प्रवेश मिळण्यास एक तबकडी पुरेशी झाली. त्याच सुमारास वाईकडच्या मुलखात कोल्हाटी समाजात १९१५ साली जन्मलेल्या, बालपणी आईबरोबर रस्तोरस्ती गाऊन पोट भरलेल्या यमुनाबाई वाईकर बैठकीची लावणी घडवीत होत्या. एकाच ओळीला अदेच्या आणि स्वराच्या निरनिराळ्या छटा देऊन तिचा अर्थ उलगडून दाखविण्याचे त्यांचे सामर्थ्य एवढे की बिरजू महाराजांसारख्या नर्तकालाही त्याची मोहिनी पडली. परंतु संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांच्याकडे आला तो १९९५ साली, आणि पद्मश्री २०१२ साली, वयाची पंचाण्णव वर्षे उलटून गेल्यावर. या दोन गायकांना मान मिळण्यास लागलेल्या काळातील अंतर सुरांनी पडलेले नव्हते. आवाज कोणत्या घरातून येतो, याची चौकशी आपल्या समाजाने आधी केली आणि तो कसा आहे, हे मागाहून ऐकले.

हा दोष एकट्या महाराष्ट्राचा नव्हे. स्पेनच्या दक्षिणेस, आंदालुसिया प्रांतात, फ्लामेंको नावाचे जे गायन प्रामुख्याने हितानो, म्हणजे तिथल्या भटक्या समाजाने, जिवंत ठेविले, त्याचा उद्धार करावा म्हणून मानुएल दे फाया हा संगीतकार आणि तरुण कवी लोर्का यांनी १९२२ साली ग्रानादा शहरी मोठी स्पर्धा भरविली. हेतू निःसंशय उदात्त होता. पण धंदेवाईक गायकांना त्या स्पर्धेत मज्जाव होता. पैशासाठी गाणारा गळा भ्रष्ट होतो, ही त्या विद्वानांची समजूत. ज्यांनी शतकभर ते गाणे दारूच्या गुत्त्यांतून आणि सरदारांच्या मेजवान्यांतून मिळणाऱ्या दमड्यांवर जगविले, त्यांनाच बाजूस सारून त्याचे शुद्धीकरण आरंभिले गेले. सेव्हियाची पास्तोरा पावोन, जिला ‘निन्या दे लोस पेइनेस’ म्हणत, ती या परंपरेतील अत्युच्च गायिका मानली जाते. ती १९६९ साली वारली आणि तिच्या ध्वनिमुद्रिकांना आंदालुसियाच्या सरकारने संरक्षित वारशाचा दर्जा दिला १९९९ साली. आंतोनिओ मायरेना या हितानो गायकाला १९६२ साली फ्लामेंको ‘गायनाची सुवर्णकिल्ली’ हा सन्मान जिवंतपणी हाती पडला खरा, परंतु कामारोन दे ला इस्ला हा गायक १९९२ साली निवर्तला आणि त्याच्या नावे ती किल्ली जाहीर होण्यास २००० साल उजाडावे लागले.

या साऱ्या सन्मानांना मी क्षुल्लक लेखीत नाही. ज्या समाजाच्या मुलींकडे बोट दाखविण्यातच गावाची प्रतिष्ठा सामावलेली होती, त्या समाजातील एका स्त्रीचे नाव राष्ट्रपतिभवनात सन्मानाने पुकारले जाणे ही सामान्य घटना नव्हे. माझी तक्रार निराळी आहे. आपण गाणे आणि गाण्यावरील उपजीविका यांची फारकत करतो, पहिल्याला मखरात बसवितो आणि दुसरीला फडाच्या राहुटीत ठेवितो. तमाशातील कलावंत विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतिपदके मिळाली, १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली. तरीही उत्तरायुष्य त्यांनी विपन्नावस्थेत काढले आणि २००२ साली त्या गेल्या. पुढे राज्य शासनाने तमाशातील ज्येष्ठ कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला तो त्यांच्याच नावाने! पदक देणाऱ्या सरकारला त्यांच्या औषधपाण्याची आणि म्हातारपणाची तजवीज आपल्या अखत्यारीत येते असे वाटले नाही, आणि रात्र रात्र ढोलकीवर माना डोलविणाऱ्या आम्हा रसिकांनाही ते वाटले नाही.

जत्रेच्या पंचाने सुपारी देताना मानपत्र देऊ नये, हार घालू नये, वाटल्यास भाषणही करू नये. ठरलेली बिदागी त्याच रात्री, पुरी, गाणाऱ्या बाईच्या हाती द्यावी आणि ढोलकीवाल्याचे, तुणतुणेवाल्याचे नाव फलकावर तिच्या नावाखाली लिहावे. यास कोणत्याही अकादमीची मंजुरी लागत नाही.