पातेलं आमचं

लुइझियानातल्या लफायेत शहरात लेकीकडे गेलो होतो. तिथे शनिवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. एका तंबूखाली सत्तरीच्या बाई मोठ्या पातेल्यातून गम्बो वाढत होत्या. कागदी वाडग्यात तळाशी भात, वर काळपट तपकिरी रस्सा, त्यात कोंबडी, सॉसेज आणि चक्क भेंडी.

तो रंग मसाल्याचा असेल असं मला वाटलं होतं. तो निघाला मैद्याचा. तेलात मैदा घालून मंद आचेवर हलवत राहायचं. आधी बदामी, मग तांबूस, शेवटी चॉकलेटसारखा. याला 'रू' म्हणतात. हात थांबला आणि काळे ठिपके दिसले, की सगळं टाकून पुन्हा पहिल्यापासून. मग त्यात कांदा, सेलरी, ढोबळी मिरची.

"तुमचं हे केजन जेवण फार आवडलं," मी म्हटलं.

"पातेलं आमचं," बाई म्हणाल्या. "भेंडी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांची. गम्बो हे नावही त्यांच्या भाषेतलं, भेंडीचंच." मग एक बरणी उघडून माझ्यापुढे धरली. सॅसाफ्रसच्या पानांची हिरवट पूड. "ही इथल्या मूळ रहिवासी चॉक्टॉ लोकांची. भेंडी नसली की हिने रस्सा दाटतो."

बाईंना फक्त स्वतःचं दुःख सांगायचं असतं, तरी ते पुरून उरलं असतं. केजन म्हणजे मूळचे अकेडियन, आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाकडचे फ्रेंचभाषक. १७५५ पासून ब्रिटिशांनी त्यांना जहाजांत कोंबून देशोधडीला लावलं, कुटुंबंच्या कुटुंबं फुटली. त्यातले काही लुइझियानात येऊन स्थिरावले. तिथे १९२१ च्या राज्यघटनेने शाळेत इंग्रजी सक्तीची केली. घरची फ्रेंच तोंडातून निघाली म्हणून बाईंच्या आईनेही शाळेत मार खाल्ला होता.

ज्याच्यावर अन्याय झाला, त्याला दुसऱ्याचं देणं विसरायला सबब आयती मिळते. याच अकेडियनांपैकी काहींनी पुढे स्वतः गुलाम बाळगले, हाही इतिहास आहे. म्हणून त्या बाईंचं बोलणं मला मोठं वाटलं. कुणी विचारलं नव्हतं, आणि गम्बो तसाही खपला असता. तरी वाडगा रिकामा व्हायच्या आत त्यांनी गम्बो कुणाकुणाचा ते सांगून टाकलं.

आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा कुळथाच्या पिठल्याचं कौतुक करायचा. 'आमच्या आईच्या हातचं' म्हणून मी ते आयुष्यभर मिरवलं. ते आईला शिकवलं होतं आमच्या शेतावर राबणाऱ्या एका बाईंनी. आई त्यांचं नाव घेऊन सांगायची. त्या रात्री मला ते काही केल्या आठवेना. इकडे सकाळ झाली असेल असा हिशेब करून ताईला फोन लावला. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कपाळावर गोंदण होतं रे त्यांच्या. नाव नाही आठवत."