दूरचा आवाज, जवळचा प्रश्न



२०११ साली आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. एका रविवारी मिस्सा संपल्यावर कॉलेजात जाणारा एक मुलगा आमच्याकडे आला. "फादर, परग्रहावर कुणी राहत असेल, तर प्रभू येशू त्यांच्यासाठीही मेला का?" आम्ही हसलो. "आधी परीक्षेचं बघ," असे म्हणून त्याची बोळवण केली. त्याने पुन्हा कधी काही विचारले नाही.

मुलाला एक छंद होता. त्याच्या कॉम्प्युटरवर 'सेटी ॲट होम' हा प्रोग्रॅम चाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शास्त्रज्ञांनी तो १९९९ साली सुरू केला. पोर्तो रिकोमधील अरेसिबोच्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या लहरींचे लहान लहान तुकडे घरोघरी पाठवले जात. कॉम्प्युटर रिकामा असला, की तो त्यांत एखादा बुद्धिपुरस्सर पाठवलेला संदेश आहे का, हे तपासत असे. जगभरातील ५० लाखांहून अधिक लोकांनी यात भाग घेतला. मोबदला काही नाही. ३१ मार्च २०२० रोजी नवे काम पाठवणे थांबले. परग्रहावरचा म्हणून सिद्ध झालेला एकही संदेश तोवर मिळाला नव्हता, आणि शास्त्रज्ञांनी ते सरळ सांगितले.

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळू. तो पोरकट मुळीच नव्हता. देव एकाहून अधिक विश्वे निर्माण करूच शकत नाही, हे मत पॅरिसच्या बिशपांनी १२७७ सालीच निषिद्ध ठरवले होते. २००८ साली व्हॅटिकन वेधशाळेचे तेव्हाचे संचालक फादर होजे गाब्रिएल फुनेस यांनीही म्हटले, की परग्रहावर जीव असणे आपल्या श्रद्धेच्या विरोधात नाही. देवाच्या निर्मितीच्या स्वातंत्र्याला आपण मर्यादा घालू शकत नाही. ते जीव असलेच, तर तेही त्याच पित्याची निर्मिती. त्यांनी पाप केले असेल का, त्यांचे तारण कसे होईल, हे आपल्याला प्रकट झालेले नाही. एवढे तरी आम्ही त्याला सांगू शकलो असतो. 'मला माहीत नाही' म्हणण्यात श्रद्धेला कमीपणा नसतो. आमचे हसणे मात्र प्रामाणिक नव्हते. अज्ञान झाकण्यासाठी आम्ही हसलो होतो.

एली याजकानेही बाळ शमुवेलाला दोनदा परत झोपायला पाठवले होते. तिसऱ्यांदा त्याला उमगले, की मुलाला खरोखरच हाक आली आहे. आम्हांला तिसरी संधी मिळाली नाही.

उत्तराची खात्री नसताना लाखो माणसांनी दूरच्या ताऱ्यांकडे कान लावले. आपल्या घरात मात्र एकाच ताटावर बसलेल्या मुलाचा प्रश्न आपण ऐकून घेत नाही. ज्याला देवाची हाक ऐकायची आहे, त्याने आधी शेजारच्याचे बोलणे मध्येच तोडू नये.

या आठवड्यात घरातील कुणी अवघड प्रश्न विचारला, तर हातातले काम बाजूला ठेवू या. उत्तर नसेल, तर तसे सांगू या आणि दोघे मिळून शोधू या.

हे प्रभू, आम्हांला ऐकणारे कान दे. आमेन.

तुमचा धर्मगुरू