पेटीतले गाठोडे

प्रवासाची पेटी भरणे हे वाटते तितके साधे काम नव्हे. टांझानियाला शिकवायला निघालेल्या भाच्याची पेटी मी भरत होतो. पूर्ण बाह्यांचे सुती सदरे, मच्छरदाणी, हिवतापाच्या गोळ्या. सर्वांत वर विटक्या कपड्यांचे गाठोडे ठेवून म्हणालो, "तिकडच्या गरिबांना वाट."

"मामा, आपल्या नरसीत पंजाबचे यात्रेकरू येतात. त्यांनी आपल्यापुढे जुने सदरे टाकले तर?"

मी निरुत्तर झालो. नामदेव इथल्याच शिंप्याच्या घरचे. पंजाबात त्यांनी नेले ते तिथल्या लोकांनी गुरू ग्रंथ साहिबात 61 पदांच्या रूपाने जपले. देण्याआधी घेणाऱ्याला बरोबरीचा मानावे लागते.

गाठोडे बाहेर काढले. सालगड्याला द्यावे म्हणून उचलले, आणि हात तिथेच अडला.