सोसण्याचा अधिकार

मुंबई-गोवा महामार्गालगत पेणजवळच्या रामवाडीत एसटीच्या रायगड विभागाचे कार्यालय आहे. अशा वाहत्या रस्त्याकाठच्या वस्तीत अपघाती दुखापत ही केवळ डॉक्टरांच्या अखत्यारीतली बाब राहत नाही. हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या समाचाराला आलेले आप्त ‘भोग आहेत, भोगूनच संपवायचे’ असे म्हणतात, तेव्हा वेदना सोसावी की शमवावी हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न घरात येऊन बसतो.

या बोलण्यामागे कर्मसिद्धान्त आहे. साठलेले कर्म ते संचित, त्यातून या जन्मी फळाला आलेले ते प्रारब्ध, आणि आज घडत असलेले ते क्रियमाण, असे त्याचे तीन भाग मानले जातात. प्रारब्ध भोगल्याशिवाय सुटत नाही हे मान्य केले, तरी औषध देणे आणि घेणे ही क्रियमाणातली कृत्ये ठरतात. म्हणून केवळ प्रारब्धाच्या आधारे उपचार नाकारता येत नाही, कारण अपघात प्रारब्धाने आला असेल तर वेळेवर मिळालेला वैद्यही प्रारब्धाबाहेरचा कसा, याचे उत्तर द्यावे लागते.

तितिक्षेचा, म्हणजे सहनशीलतेचा, आधार अधिक बळकट दिसतो. परंपरेने शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘विवेकचूडामणी’त प्रतिकार, चिंता आणि विलाप यांवाचून दुःख सोसणे म्हणजे तितिक्षा, अशी व्याख्या आहे. मात्र तिची गणना शम, दम आदी सहा साधनांच्या संपत्तीत होते आणि ही संपत्ती मोक्षार्थी साधकाने स्वतःहून मिळवायची असते. जे व्रत एकाने पत्करले, ते न पत्करलेल्या दुसऱ्यावर लादले की त्याचे व्रतपण उरत नाही.

पेण तालुक्यातील गागोदे येथे 1895 मध्ये जन्मलेल्या विनोबा भावे यांच्या चरित्रात हा भेद स्पष्ट दिसतो. नोव्हेंबर 1982 मध्ये पवनार येथे त्यांनी अन्न आणि औषध नाकारून देह ठेवला. पण तो निर्णय वृद्धापकाळी, स्वतःच्या देहापुरता घेतलेला होता. त्यांचेच सहकारी मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेचे काम उभे केले, म्हणजे दुसऱ्याच्या दुःखापुढे त्याच वर्तुळाने धरलेली वाट शुश्रूषेची होती.

वैद्यकशास्त्रही सोसण्याची किंमत दाखवते. बरगडी मोडलेला माणूस कळ टाळण्यासाठी श्वास अर्धाच घेतो, खोकला दाबतो, त्यामुळे कफ छातीत साठून न्यूमोनियाचा धोका वाढतो. दुखणे पुरेसे शमवले तरच त्याला खोल श्वासाचे व्यायाम करता येतात. परिचारिका शून्य ते दहापैकी किती दुखते असे विचारते, तेव्हा आठ वाटत असताना नातेवाइकांसमोर चार सांगणारा रुग्ण तितिक्षा करत नसतो; तो लोकलाजेपोटी उपचाराला लागणारी माहिती दडवत असतो.

सोसणे आणि उपचार यांत विरोध नाही, याचा उत्तम दाखला बौद्ध परंपरेत मिळतो. दगडाच्या कपचीने पाय जखमी झाल्यावर बुद्धांनी तीव्र वेदना जागरूकपणे, अविचल राहून सहन केल्या असे पाली सुत्त सांगते. तीच परंपरा जीवक वैद्याने त्या जखमेवर औषध बांधल्याचेही सांगते. शरीराला लागलेला बाण एक आणि त्यावर शोक करून मनाने ओढवून घेतलेला बाण दुसरा, ही तिथली मांडणी येथे उपयोगी पडते: पहिल्यावर वैद्याचा इलाज चालतो, दुसऱ्यावर ज्याचे त्याने काम करायचे असते.

औषध देऊनही काही ठणका उरतोच आणि हाड जुळायला लागायचे ते आठवडे लागतातच; तितिक्षेचे खरे क्षेत्र हे उरलेले दुःख होय. दुसऱ्याच्या वेदनेपुढे उभ्या असलेल्या माणसाला तितिक्षेचा उपदेश करण्याचा अधिकार नाही. ती वेदना कमी करण्याचे कर्तव्य मात्र त्याला आहे.