झिजलेल्या जर्सीचे मोल

कपडा नवा असतो तोवर त्याचे कौतुक. तो विटला, उसवला, की घरात लादी पुसायला जातो. ठिगळ लावलेला सदरा घालून रविवारच्या मिस्साला यायला आपल्यापैकी कोणी धजणार नाही. पण जगात एक छंद असा आहे, की तेथे हा हिशेब नेमका उलटा आहे. कॅनडा आणि अमेरिकेत आइस हॉकीच्या खेळाडूंनी सामन्यात प्रत्यक्ष घातलेल्या जर्सी जमवणारे पुष्कळ लोक आहेत. कोरी जर्सी दुकानात कोणालाही मिळते. डागाळलेली, भोके पडलेली, रफू केलेली जर्सी मात्र कितीतरी पटींनी महाग. ऐकून प्रथम हसू येते. जरा विचार केला, तर मनात एक गंभीर प्रश्न उभा राहतो. दुसऱ्याच्या श्रमाची खूण विकत घेता येते का? आणि ती घेतली, तर घेणाऱ्यावर काही जबाबदारी येते का?

आपल्या ओळखीची हॉकी मैदानावर खेळतात. ही हॉकी बर्फावर, पायांत पाती लावलेले बूट घालून खेळतात. ज्यांची मुलेबाळे कॅनडात आहेत त्यांना ठाऊक असेल, की तेथे या खेळाचे वेड आपल्याकडच्या क्रिकेटएवढेच आहे. चेंडूऐवजी कडक रबराची चकती असते, तिला ‘पक’ म्हणतात. मैदानाभोवती फळ्यांचे कुंपण असते आणि प्रतिस्पर्ध्याला धडक देऊन त्यावर आपटणे हा खेळाचाच भाग समजला जातो. त्यामुळे जर्सीवर पकचे आणि काठीचे काळे ठसे उमटतात, कुंपणाला घासून कापड भाजल्यासारखे होते, बाह्या फाटतात. संघाचे सामान सांभाळणारा माणूस ती शिवून पुन्हा खेळाडूच्या हाती देतो. मारामारीत प्रतिस्पर्ध्याने जर्सी डोक्यावरून ओढू नये म्हणून आत पाठीकडे एक पट्टा शिवलेला असतो, तो विजारीला अडकवतात. जाणकार संग्राहक ही प्रत्येक खूण वाचतो. जुने छायाचित्र समोर ठेवून तो टाका टाक्याशी, डाग डागाशी ताडून पाहतो. खूण जुळली, की त्याची खात्री पटते: हीच ती जर्सी, आणि हाच तो सामना.

म्हणजे तो पैसे मोजतो ते कापडाचे नव्हे, साक्षीचे. आणि साक्ष आली, की खोटी साक्षही आली. दुकानातली जर्सी घेऊन, ती मुद्दाम झिजवून, नामवंत खेळाडूची म्हणून विकल्याचे गुन्हे अमेरिकेतील न्यायालयांत सिद्ध झाले आहेत. न गाळलेल्या घामाचे श्रेय घेण्याचा मोह काही त्या व्यापाऱ्यांपुरताच नाही, हे आपण जाणतोच.

खऱ्या साक्षीचे मोल किती असू शकते? २८ सप्टेंबर १९७२ रोजी मॉस्को येथे कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांच्यातील मालिकेचा आठवा आणि शेवटचा सामना होता. अवघे ३४ सेकंद उरले असताना पॉल हेंडरसन याने गोल केला आणि कॅनडाने मालिका जिंकली. ती जर्सी पुढे अमेरिकेतील एका संग्राहकाकडे होती. २०१० साली तिचा लिलाव झाला आणि कॅनडातील एका व्यावसायिकाने ती १२ लाखांहून अधिक अमेरिकी डॉलर देऊन घेतली. घेऊन त्याने कपाटात कोंडली नाही. गावोगावी नेऊन लोकांना दाखवली. मालकी एकाची, आठवण सर्वांची, हे त्याने ओळखले.

याच्या उलटही घडते. १९९० च्या दशकापासून जर्सी कापून तिचे बोटभर तुकडे पत्त्यांएवढ्या चित्रकार्डांत बसवून विकण्याची चाल पडली. जॉर्ज व्हेझिना हा माँट्रियलचा थोर गोलरक्षक १९२६ मध्ये क्षयाने वारला. त्याचे पायांवर बांधायचे जुने पॅडसुद्धा या धंद्यात कापले गेले. काही म्हणतील, त्यामुळे गरीब चाहत्यालाही तुकडा मिळाला. खरे आहे. पण तुकड्यावर ना ठसा राहिला, ना टाका. साक्षीदाराची जीभ कापून ती वाटण्यासारखेच हे झाले.

क्रुसाखाली पहारा करणाऱ्या शिपायांनीदेखील प्रभूचा बिनशिवणीचा अंगरखा फाडला नाही, चिठ्ठ्या टाकल्या, हे आपण दर शुभशुक्रवारी ऐकतो. संतांच्या अवशेषांचा आपण आदर करतो; मात्र ते विकण्यास ख्रिस्तसभेच्या कायद्याने सक्त मनाई आहे. खेळाडू म्हणजे संत नव्हेत, आणि जर्सी विकणे हे पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. पण त्या नियमामागचे शहाणपण येथेही उपयोगी पडते. ज्या वस्तूत माणसाचा देह झिजला आहे, ती हातात घेताना आपण त्या माणसाचे ऋणी होतो. ऋणाची खरेदीविक्री करून ते फिटत नाही.

हे ऋण किती जड असते, ते डेरेक बूगार्ड याच्या आयुष्यावरून कळते. संघातील त्याचे मुख्य काम मारामारीचे होते. प्रेक्षक त्यासाठी टाळ्या वाजवत. १३ मे २०११ रोजी वेदनाशामक गोळ्या आणि मद्य यांच्या मिश्रणाने त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो २८ वर्षांचा होता. डोक्याला वारंवार मार बसल्याने होणारा मेंदूचा विकार त्याला जडला होता, असे मृत्यूनंतरच्या तपासणीत आढळले. अशा खेळाडूच्या जर्सीवर रक्ताचा डाग असला, तर तिची किंमत वाढते.

डोक्याच्या दुखापतींबद्दल माजी खेळाडूंनी नॅशनल हॉकी लीगवर दावा केला होता. २०१८ मध्ये तडजोड झाली. ३०० हून अधिक खेळाडूंसाठी मिळून सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलर ठरले. लीगने आपला दोष मान्य केला नाही. सहभागी खेळाडूला रोख मिळायचे होते सुमारे २२ हजार डॉलर, शिवाय तपासणी व उपचारांसाठी काही मदत. २०२२ साली वेन ग्रेट्स्की याची १९८८ मधील एक जर्सी लिलावात १४ लाख ५२ हजार डॉलरला गेली. या दोन आकड्यांचा एकमेकांशी थेट संबंध नाही, आणि ज्याने जर्सी घेतली त्याने कोणाचे काही हिरावले नाही. तरीही ते शेजारी ठेवले, की मन बेचैन होते. घामाने भिजलेल्या कापडाला एवढा भाव, आणि ज्याचा घाम त्या माणसाला?

म्हणून छंद वाईट असे आम्हांला म्हणायचे नाही. खूण खरी आहे का हे चिकाटीने शोधणे, ती अखंड राखणे, इतरांना दाखवणे, ही सत्याची सेवाच आहे. अनेक संघ अशा जर्सींच्या लिलावातून धर्मादाय कार्याला पैसा देतात, हेही चांगलेच. पण संग्राहकाने डाग वाचायचा तो शेवटपर्यंत वाचावा. डागामागे जखम आहे, जखमेमागे माणूस आहे, आणि तो कदाचित अजून जिवंत आहे, दुखणे काढतो आहे.

आपल्या घरांतही अशा जर्सी आहेत. बापाचा कारखान्यातला तेलकट सदरा, आईचे विरलेले लुगडे. त्या माणसांच्या पश्चात ते कपडे आपण छातीशी धरतो, आणि ते योग्यच आहे. पण ती माणसे आज पलीकडच्या खोलीत असतील, तर त्यांचे गुडघे दुखतात का, औषध संपले आहे का, हे आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून विचारू या. कपडा जपायला पुढे पुष्कळ वेळ आहे.